नैसर्गिक व संश्लिष्ट रबर : रेणवीय संरचना

नैसर्गिक व संश्लिष्ट रबरांची रेणवीय संरचना हा बहुवारिकांच्या रसायनशास्त्रातील एक महत्त्वाचा विषय आहे. रबराच्या झाडाच्या चिकापासून मिळणाऱ्या रबरास नैसर्गिक रबर म्हणतात. खनिज तेल, नैसर्गिक वायू किंवा अल्कोहॉल यांपासून मिळविलेल्या लहान रेणूंचे बहुवारिकीकरण करून कारखान्यात जे रबर तयार करतात, त्यास संश्लिष्ट किंवा कृत्रिम रबर म्हणतात. नैसर्गिक रबर हे एकाच रासायनिक संयुगाचे, म्हणजे समपक्ष-१,४-पॉलिआयसोप्रीनाचे बनलेले असते. संश्लिष्ट रबर हे मात्र एका पदार्थाचे नाव नसून, भिन्न संरचना असलेल्या अनेक बहुवारिकांचा तो गट आहे. त्यांपैकी संश्लिष्ट पॉलिआयसोप्रीन हे रबर नैसर्गिक रबराच्या सर्वांत जवळचे आहे. दोहोंचे रासायनिक सूत्र एकच असले, तरी दोहोंचे गुणधर्म पूर्णपणे सारखे नसतात. हा फरक कशामुळे पडतो, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. विमानांचे आणि अवजड वाहनांचे टायर आजही मोठ्या प्रमाणात झाडापासून मिळणाऱ्या रबरावर अवलंबून असल्यामुळे या प्रश्नास व्यावहारिक महत्त्वही आहे.

आयसोप्रीन एकक

नैसर्गिक रबर हे हायड्रोकार्बन असून त्याचे मूळ एकक आयसोप्रीन आहे. आयसोप्रिनाच्या रेणूत पाच कार्बन व आठ हायड्रोजन अणू असतात. त्यांपैकी चार कार्बन अणू एका ओळीत असतात व पाचवा मिथिल गटाच्या रूपाने दुसऱ्या कार्बनास जोडलेला असतो. ओळीतील कार्बनांना १ ते ४ असे क्रमांक दिले, तर १ व २ यांच्यामध्ये एक आणि ३ व ४ यांच्यामध्ये एक असे दोन द्विबंध आढळतात.

असे अनेक रेणू एकमेकांस जोडले जाऊन साखळी तयार होते, तेव्हा जोडणी प्रामुख्याने तीन प्रकारे होऊ शकते. पहिल्या व चौथ्या कार्बनांमधून जोडणी झाल्यास तिला १,४ जोड म्हणतात. अशा वेळी मूळचे दोन द्विबंध नाहीसे होतात व २ आणि ३ या कार्बनांमध्ये एक नवा द्विबंध तयार होतो. हा द्विबंध मुख्य साखळीतच राहतो. १,२ किंवा ३,४ जोड झाल्यास मात्र शिल्लक राहिलेला द्विबंध मुख्य साखळीबाहेर, बाजूस लोंबणाऱ्या गटात जातो. नैसर्गिक रबरात जवळजवळ सर्व जोड १,४ प्रकारचे असतात. तसेच प्रत्येक एककाचे ‘डोके’ पुढच्या एककाच्या ‘शेपटी’स जोडलेले असते. त्यामुळे संपूर्ण साखळीत मिथिल गट ठराविक अंतराने येत राहतात.

आयसोप्रीन एककाचा रेणुभार ६८ आहे. नैसर्गिक रबराचा सरासरी रेणुभार सुमारे १० लाख धरल्यास एका साखळीत जवळजवळ १५,००० एकके असतात. अशी एक साखळी पूर्ण ताणून सरळ केली, तर तिची लांबी सुमारे ६ मायक्रोमीटर भरेल. जाडी मात्र एक नॅनोमीटरपेक्षाही कमी असते. सर्व साखळ्यांची लांबी सारखी नसते. एकाच नमुन्यात काही हजार एककांच्या आखूड साखळ्या व कित्येक पटींनी लांब साखळ्या एकत्र आढळतात.

समपक्ष व विपक्ष रचना

एकेरी बंधाभोवती अणुगट फिरू शकतात, द्विबंधाभोवती ते फिरू शकत नाहीत. त्यामुळे १,४ जोडातील द्विबंधाच्या दोन बाजूंस साखळी कशी पुढे जाते, यावरून दोन भौमितिक समघटक संभवतात. साखळीचे येणारे व जाणारे टोक द्विबंधाच्या एकाच बाजूस असल्यास त्या रचनेस समपक्ष, म्हणजे सिस रचना म्हणतात. ती टोके विरुद्ध बाजूंस असल्यास त्या रचनेस विपक्ष, म्हणजे ट्रान्स रचना म्हणतात.

नैसर्गिक रबर हे समपक्ष-१,४-पॉलिआयसोप्रीन आहे. मलाया द्वीपकल्प व त्याच्या आसपासची बेटे येथील पॅलाक्वियम वंशातील झाडांपासून गट्टा पर्चा नावाचा पदार्थ मिळतो. तो विपक्ष-१,४-पॉलिआयसोप्रीन आहे. दोहोंतील अणू तेच, त्यांचे प्रमाण तेच, जोडणीचा क्रमही तोच आहे. तरीही नेहमीच्या तापमानास रबर मऊ व लवचिक असते, तर गट्टा पर्चा कठीण व चिवट असतो. विपक्ष साखळ्या सरळ व नियमित असल्याने एकमेकींशेजारी घट्ट बसतात आणि त्यांचे सहज स्फटिकीभवन होते. हे स्फटिक सुमारे ६५° से. तापमानास वितळतात व तेव्हा गट्टा पर्चा मऊ होतो. समपक्ष साखळ्यांना प्रत्येक एककापाशी वळण पडते. त्यामुळे त्या न ताणलेल्या अवस्थेत नीट रचल्या जात नाहीत, वेटोळ्यांच्या रूपात राहतात.

गट्टा पर्चाच्या कठीणपणाचा व विद्युत् निरोधक गुणाचा उपयोग एकोणिसाव्या शतकात समुद्राखालील तारायंत्राच्या तारांवर आवरण म्हणून करण्यात आला. १८५१ साली इंग्लिश खाडीतून टाकलेल्या तारेवर याचेच आवरण होते. दातांच्या मुळांवरील उपचारांत पोकळी भरण्यासाठी गट्टा पर्चा आजही वापरतात.

लवचिकतेचे मूळ

रबराची लवचिकता पोलादी स्प्रिंगेच्या लवचिकतेहून वेगळ्या स्वरूपाची आहे. स्प्रिंग ताणली असता अणूंमधील अंतरे किंचित वाढतात व त्यात ऊर्जा साठते. रबर ताणले असता अणूंमधील अंतरे जवळजवळ तीच राहतात, फक्त वेटोळी साखळी उलगडून सरळ होते. वेटोळ्या अवस्थेतील साखळीला असंख्य आकार घेता येतात, सरळ अवस्थेत तिला फारच थोडे आकार शक्य असतात. ताण काढून घेताच उष्णतेमुळे सतत हालणारी साखळी पुन्हा अधिक संभवनीय अशा वेटोळ्या स्थितीकडे जाते. म्हणजे रबराला मूळ आकारात आणणारी प्रेरणा मुख्यतः एंट्रॉपीशी निगडित असते.

याची प्रचिती साध्या प्रयोगाने घेता येते. रुंद रबर बँड झटकन ताणून ओठास लावल्यास तो कोमट लागतो. थोडा वेळ ताणलेला ठेवून नंतर एकदम सैल सोडल्यास तो गार लागतो. वजन टांगून ताणलेले रबर तापविले, तर ते लांब न होता आखडते. इंग्लंडमधील जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये या गोष्टींची नोंद केली होती. पुढे जेम्स जूल यांनी १८५९ मध्ये त्यांचा मोजमापांसह अभ्यास प्रसिद्ध केला.

साखळीला अशी हालचाल करता यावी यासाठी तिचे बंध मोकळेपणाने फिरू शकले पाहिजेत. तापमान एका मर्यादेखाली उतरले की ही हालचाल थांबते व रबर काचेसारखे ठिसूळ होते. या मर्यादेस काच-संक्रमण तापमान म्हणतात. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते सुमारे –७०° से. आहे.

संरचनेच्या शोधाचा इतिहास

मायकेल फॅराडे यांनी १८२६ मध्ये नैसर्गिक रबराचे विश्लेषण करून त्यात पाच कार्बनांस आठ हायड्रोजन असे प्रमाण असल्याचे दाखविले. १८६० मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल विल्यम्स यांनी रबराचे ऊर्ध्वपातन करून एक बाष्पनशील द्रव वेगळा केला व त्यास आयसोप्रीन हे नाव दिले. १८७९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गुस्ताव बुशार्दा यांना आयसोप्रिनावर हायड्रोक्लोरिक अम्लाची क्रिया करून रबरासारखा पदार्थ मिळाला. हे आयसोप्रीन रबरापासूनच मिळविलेले होते. विल्यम टिल्डन यांनी त्यानंतर टर्पेंटाइनापासून आयसोप्रीन तयार केले.

रबराचे घटक कळले तरी त्याचा रेणू किती मोठा आहे, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जर्मनीतील कार्ल हॅरीस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रबरावर ओझोनाची क्रिया केली. मिळालेल्या पदार्थांवरून साखळीतील द्विबंधांची जागा ठरविता आली. पण रबर म्हणजे लहान वलयी रेणूंचा दुर्बळ आकर्षणाने झालेला समुच्चय असावा, असे त्यांनी मानले. हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये याविरुद्ध मत मांडले. हजारो एकके नेहमीच्या सहसंयुजी बंधांनी जोडली जाऊन एक प्रचंड रेणू बनतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. द्विबंधांना हायड्रोजन जोडून रबर संतृप्त केले, तरी ते लहान रेणूंच्या बाष्पनशील पदार्थात न बदलता बृहद्रेणूच राहते, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या मतास आरंभी तीव्र विरोध झाला. १९५३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

योहान रुडॉल्फ काट्झ यांनी १९२५ मध्ये ताणलेल्या रबरावर क्ष-किरण सोडले. न ताणलेल्या रबरापासून द्रवाप्रमाणे अस्पष्ट वलय मिळते, तर ताणलेल्या रबरापासून स्फटिकासारखे रेखीव ठिपके मिळतात, असे त्यांना आढळले. ताणाखाली रबराचे अंशतः स्फटिकीभवन होते, हे यावरून सिद्ध झाले. या स्फटिकांमध्ये साखळीच्या दिशेने ०.८१ नॅनोमीटर अंतराने तीच रचना पुन्हा येते व तेवढ्या अंतरात दोन आयसोप्रीन एकके बसतात.

झाडातील घडण

नैसर्गिक रबराचा बहुतेक सर्व पुरवठा हेविया ब्राझिलिएन्सिस या ॲमेझॉन खोऱ्यातील मूळच्या वृक्षापासून होतो. सालीला तिरपी चीर पाडली असता पांढरा चीक पाझरतो. त्यात सुमारे ३० ते ४० टक्के रबर सूक्ष्म कणांच्या रूपात असते. बाकीचा भाग मुख्यतः पाणी असून त्यात थोडी प्रथिने, मेदी पदार्थ, शर्करा व लवणे असतात.

झाडात आयसोप्रीन हा वायुरूप होणारा द्रव मुळात वापरलाच जात नाही. आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट हे पाच कार्बनांचे संयुग वापरून एंझाइमे साखळी एकेका एककाने वाढवीत नेतात. आरंभी एक लहान विपक्ष रेणू असतो. त्यामुळे साखळीच्या एका टोकास दोन-तीन विपक्ष एकके आढळतात. त्यापुढची हजारो एकके एंझाइमाच्या नियंत्रणामुळे अखंडपणे समपक्ष असतात. रबराच्या कणाभोवती प्रथिने व फॉस्फोलिपिडे यांचे पातळ आवरण असते. साखळीची दोन्ही टोके या पदार्थांशी निगडित असतात, असे मानले जाते.

संश्लिष्ट रबरांच्या संरचना

जर्मनीत फ्रिट्झ होफमान यांनी १९०९ मध्ये संश्लिष्ट रबराचे पेटंट घेतले. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे जर्मनीस रबर मिळेनासे झाले, तेव्हा डायमिथिल ब्युटाडायिनापासून ‘मिथिल रबर’ तयार करण्यात आले. ते निकृष्ट दर्जाचे ठरल्याने युद्धानंतर त्याचे उत्पादन थांबले. पुढे संशोधकांनी आयसोप्रीनच वापरण्याचा आग्रह सोडला व इतर एकवारिकांपासून उपयुक्त रबरे तयार केली. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

स्टायरीन-ब्युटाडाइन रबर : यात सामान्यतः तीन-चतुर्थांशांहून थोडे अधिक ब्युटाडाइन व उरलेले स्टायरीन असते. दोन्ही एकके साखळीत कोणत्याही ठराविक क्रमाविना येतात. पायस पद्धतीने बनविलेल्या रबरात ब्युटाडाइन एककांपैकी बहुसंख्य विपक्ष, काही समपक्ष व सुमारे एक-षष्ठांश बाजूस द्विबंध असलेली असतात. स्टायरिनाचे मोठे वलयी गट मध्येमध्ये येतात. अशा अनियमित साखळीचे ताणाखाली स्फटिकीभवन होऊ शकत नाही.

पॉलिब्युटाडाइन : ब्युटाडायिनात आयसोप्रिनाप्रमाणे मिथिल गट नसतो. योग्य उत्प्रेरकाने ९५ टक्क्यांहून अधिक समपक्ष साखळी मिळविता येते. मिथिल गटाचा अडथळा नसल्याने साखळी अतिशय मोकळी हालते आणि काच-संक्रमण तापमान –१००° से. च्या आसपास उतरते. हे रबर झीज चांगली सहन करते.

निओप्रीन : वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३० मध्ये हे प्रथम तयार झाले. यात मिथिल गटाच्या जागी क्लोरीन अणू असतो. एकके बहुतांशी विपक्ष असतात व क्लोरिनामुळे शेजारचा द्विबंध कमी क्रियाशील होतो. त्यामुळे निओप्रीन तेल, ऊन व ओझोन यांस नैसर्गिक रबरापेक्षा अधिक दाद देत नाही. त्याची साखळी पुरेशी नियमित असल्याने ताणाखाली तिचे स्फटिकीभवन होते.

ब्युटिल रबर : हे मुख्यतः आयसोब्युटिलिनाचे बनलेले असते. व्हल्कनीकरण करता यावे एवढ्यासाठी त्यात १ ते ३ टक्के आयसोप्रीन मिसळतात. साखळीतील एकाआड एक कार्बनास दोन मिथिल गट असल्याने रेणू दाटीवाटीने बसतात व वायू त्यातून फार हळू झिरपतो. म्हणून टायरांच्या आतील ट्यूबसाठी ते सोयीचे ठरले.

नायट्राइल रबर : हे ब्युटाडाइन व ॲक्रिलोनायट्राइल यांचे सहबहुवारिक आहे. नायट्राइल गट ध्रुवीय असल्याने अध्रुवीय तेलात हे रबर फुगत नाही. तेलाशी संबंध येणाऱ्या नळ्या व सील यांसाठी ते वापरतात.

याशिवाय काही संश्लिष्ट रबरांच्या मुख्य साखळीत द्विबंधच नसतात, तर सिलिकोन रबराची मुख्य साखळी कार्बनाऐवजी सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या एकाआड एक अणूंची बनलेली असते. यावरून संश्लिष्ट रबर नैसर्गिक रबराची केवळ नक्कल नाही, हे स्पष्ट होते. तेल, ओझोन, अतिशय थंड किंवा अतिशय उष्ण हवामान अशा ठिकाणी अनेक संश्लिष्ट रबरे नैसर्गिक रबराहून सरस ठरतात.

संश्लिष्ट पॉलिआयसोप्रीन

आयसोप्रीनापासून झाडातल्यासारखे रबर बनविण्यात दीर्घकाळ अडचण आली ती साखळीच्या भूमितीमुळे. जुन्या पद्धतींत समपक्ष, विपक्ष, १,२ व ३,४ अशा सर्व प्रकारच्या जोडांचे मिश्रण तयार होई. कार्ल त्सीग्लर व जूल्यो नात्ता यांच्या संशोधनातून एककांची मांडणी नियंत्रित करणारे उत्प्रेरक हाती आले. या कार्यासाठी दोघांना १९६३ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा प्रकारचा टायटॅनियम-ॲल्युमिनियम उत्प्रेरक वापरून अमेरिकेतील गुडरिच कंपनीचे सॅम्युएल होर्न यांनी १९५४ मध्ये प्रामुख्याने समपक्ष असलेले पॉलिआयसोप्रीन तयार केले. त्याच सुमारास फायरस्टोन कंपनीने लिथियम उत्प्रेरक वापरून असेच रबर मिळविले.

लिथियम उत्प्रेरकाने समपक्ष एककांचे प्रमाण सुमारे ९० ते ९२ टक्के, तर टायटॅनियम उत्प्रेरकाने सुमारे ९६ ते ९८ टक्के मिळते. निओडिमियमयुक्त उत्प्रेरकांनी ते आणखी थोडे वाढविता आले आहे. हे आकडे शंभराच्या जवळ दिसतात, पण साखळीची लांबी लक्षात घेतल्यास त्यांचा अर्थ बदलतो. ९८ टक्के समपक्ष असलेल्या १५,००० एककांच्या साखळीत सुमारे ३०० एकके चुकीच्या रचनेची असतात. म्हणजे सरासरीने दर पन्नास एककांमागे एक दोष येतो. नैसर्गिक रबरात तेवढ्याच लांबीच्या साखळीत दोन-तीन विपक्ष एकके असतात व तीही टोकाशी.

ताणाखाली होणारे स्फटिकीभवन

वरील फरकाचा परिणाम रबर जोराने ताणल्यावर दिसून येतो. नैसर्गिक रबर त्याच्या मूळ लांबीच्या काही पट ताणले असता साखळ्या एकमेकींना समांतर होतात व त्यांचे लहान लहान स्फटिक बनतात. हे स्फटिक आजूबाजूच्या साखळ्यांना बांधून ठेवतात. एखाद्या ठिकाणी चीर पडल्यास चिरेच्या टोकाशी ताण सर्वाधिक असतो, म्हणून स्फटिकही तेथेच सर्वाधिक बनतात आणि चीर पुढे सरकण्यास अडथळा होतो. ताण गेल्यावर हे स्फटिक विरघळतात व रबर पुन्हा मऊ होते. म्हणजे जेथे बळकटी हवी तेथेच व हवी तेव्हाच ती निर्माण होते.

चुकीच्या रचनेचे एकक स्फटिकात नीट बसत नाही. त्यामुळे संश्लिष्ट पॉलिआयसोप्रीनात हे स्फटिकीभवन उशिरा व कमी प्रमाणात होते. स्टायरीन-ब्युटाडाइन रबरात ते होतच नाही. म्हणून भरणद्रव्य न घातलेल्या व्हल्कनित स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे ताणबल नैसर्गिक रबराच्या मानाने कित्येक पटींनी कमी असते. त्यात काजळी मिसळूनच ते वाढवावे लागते.

स्फटिकीभवनाची एक उणी बाजूही आहे. नैसर्गिक रबर दीर्घकाळ थंडीत ठेवल्यास ताण नसतानाही त्याचे सावकाश स्फटिकीभवन होते व ते ताठर बनते. –२५° से. च्या आसपास ही क्रिया सर्वांत जलद होते. ऊब दिल्यावर रबर पूर्ववत होते.

रबरेतर घटकांचे कार्य

सुकविलेल्या नैसर्गिक रबरात सुमारे ९४ टक्के रबर हायड्रोकार्बन असते. उरलेल्या सुमारे ६ टक्क्यांत प्रथिने, फॉस्फोलिपिडे, मेदाम्ले, लवणे व थोडी आर्द्रता येते. पूर्वी या घटकांकडे केवळ अशुद्ध द्रव्ये म्हणून पाहिले जाई. साखळीच्या टोकांशी असलेली प्रथिने व फॉस्फोलिपिडे अनेक साखळ्यांना एकत्र आणून एक सैल, नैसर्गिक जाळे तयार करतात, असे आता मानले जाते. हे घटक काढून टाकले असता व्हल्कनीकरणापूर्वीचे रबराचे बल, म्हणजे कच्चे बल घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. टायर बांधताना कच्च्या रबराचे थर आपला आकार टिकवून धरणे आवश्यक असते, म्हणून या गुणास कारखान्यात फार महत्त्व आहे. काही मेदी पदार्थ नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारकाचेही काम करतात.

याच प्रथिनांमुळे काही व्यक्तींना चिकापासून बनविलेल्या हातमोज्यांची ॲलर्जी होते. शस्त्रक्रियेसारख्या कामात वारंवार हातमोजे घालणाऱ्यांच्या बाबतीत ही ॲलर्जी गंभीर ठरू शकते. संश्लिष्ट पॉलिआयसोप्रीनात प्रथिने नसतात. त्यामुळे असे हातमोजे बनविण्यासाठी ते योग्य असते. एकाच घटकामुळे टायरास लाभ व रुग्णालयात अडचण असे दोन्ही परिणाम येथे दिसतात.

व्हल्कनीकरण

कच्च्या रबरातील साखळ्या एकमेकींवरून घसरू शकतात, म्हणून ते उष्णतेने चिकट होते व ताणल्यावर पूर्णपणे मूळ आकारात येत नाही. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकासह रबर तापवून हा दोष दूर करण्याची रीत शोधली. या क्रियेत द्विबंधांशेजारच्या कार्बनांपाशी गंधकाचे अणू जोडले जाऊन दोन साखळ्यांमध्ये पूल तयार होतात. मऊ रबरासाठी रबराच्या १०० भागांस साधारणपणे १ ते ३ भाग गंधक पुरते. गंधकाचे प्रमाण ३० भागांच्या आसपास किंवा अधिक नेल्यास पुलांची दाटी होऊन एबोनाइट हा कठीण पदार्थ मिळतो.

व्हल्कनीकरणासाठी साखळीत थोडे तरी द्विबंध आवश्यक असतात. नैसर्गिक रबरात ते प्रत्येक एककात असतात, त्यामुळे क्रिया जलद होते. पण उरलेल्या द्विबंधांवर ऑक्सिजन व ओझोन यांचा हल्ला होऊन रबरास भेगा पडतात. द्विबंध मोजकेच असलेले ब्युटिल रबर सावकाश व्हल्कनित होते, परंतु जास्त टिकते. निओप्रिनाचे व्हल्कनीकरण गंधकाऐवजी मुख्यतः जस्त व मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांनी करतात.

तुलनात्मक तक्ता

| रबर | एकक | साखळीची रचना | ताणाखाली स्फटिकीभवन | विशेष |
|---|---|---|---|---|
| नैसर्गिक रबर | आयसोप्रीन | जवळजवळ पूर्णपणे समपक्ष-१,४ | जलद व भरपूर | चिरेस प्रतिकार, उत्तम कच्चे बल |
| संश्लिष्ट पॉलिआयसोप्रीन | आयसोप्रीन | सुमारे ९० ते ९८ टक्के समपक्ष | उशिरा व कमी | प्रथिनरहित, एकसारखा दर्जा |
| स्टायरीन-ब्युटाडाइन | स्टायरीन व ब्युटाडाइन | अनियमित | होत नाही | काजळीसह बळकट, मोटारींच्या टायरांत उपयुक्त |
| पॉलिब्युटाडाइन | ब्युटाडाइन | उत्प्रेरकानुसार, बहुधा समपक्ष | मर्यादित | झीज कमी, थंडीत लवचिक |
| निओप्रीन | क्लोरोप्रीन | बहुतांशी विपक्ष | होते | तेल व ओझोन यांस प्रतिकार |
| ब्युटिल | आयसोब्युटिलीन, थोडे आयसोप्रीन | जवळजवळ संतृप्त | जास्त ताणाखाली होते | हवा धरून ठेवते |

ओळखण्याच्या पद्धती

रबराचा नमुना कोणत्या प्रकारचा आहे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. अवरक्त वर्णपटावरून मुख्य बहुवारिक ओळखता येते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाने समपक्ष, विपक्ष व ३,४ एककांचे प्रमाण मोजता येते. नमुन्यात ३,४ एकके आढळल्यास ते संश्लिष्ट पॉलिआयसोप्रीन असल्याचे कळते. तांब्याच्या तारेवर नमुना जाळला असता ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन असल्याचे, म्हणजे ते निओप्रीनसारखे रबर असण्याची शक्यता असल्याचे समजते. या वेळी निघणारी वाफ विषारी असल्याने ही चाचणी प्रयोगशाळेतच करतात. किरणोत्सर्गी कार्बन-१४ च्या मोजणीनेही फरक कळतो. झाडाच्या रबरात तो अल्प प्रमाणात असतो, तर खनिज तेलातील कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असल्याने त्यात तो उरलेला नसतो.

आर्थिक व सामाजिक महत्त्व

१९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियाचा ताबा घेतल्यावर मित्रराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला. अमेरिकेने सरकारी योजनेखाली स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे कारखाने उभारले. १९४५ पर्यंत तेथील संश्लिष्ट रबराचे वार्षिक उत्पादन सुमारे ८ लाख टनांवर गेले. मोटारींचे टायर या रबरापासून होऊ लागले, परंतु अवजड वाहनांच्या जाड टायरांत ते फार तापत असे. त्यामुळे अशा टायरांत नैसर्गिक रबराचा अंश ठेवावा लागला. संरचनेतील फरकाचा व्यावहारिक अर्थ त्या काळी प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसून आला.

विमान उतरताना टायरावर क्षणात प्रचंड भार येतो. त्यामुळे विमानांच्या टायरांत आजही मुख्यतः नैसर्गिक रबर वापरतात. मात्र जगाचा हा पुरवठा जवळजवळ एकाच वृक्षजातीवर व प्रामुख्याने आशिया खंडावर अवलंबून आहे. दक्षिण अमेरिकेत पानांवरील करपा या बुरशीजन्य रोगामुळे मोठ्या लागवडी अयशस्वी ठरल्या. हेन्री फोर्ड यांनी १९२८ मध्ये ब्राझीलमध्ये सुरू केलेली फोर्डलँडिया ही वसाहत त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. हा रोग आशियात पसरल्यास त्याचे परिणाम व्यापक होतील. याच कारणाने ग्वायुली हे मेक्सिकोतील झुडूप व रशियन डँडेलियन या समपक्ष पॉलिआयसोप्रीन देणाऱ्या वनस्पतींवर संशोधन चालू आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये नैसर्गिक रबराचा समावेश अत्यावश्यक कच्च्या मालाच्या यादीत केला.

भारतात रबराची व्यापारी लागवड १९०२ मध्ये केरळातील पेरियार नदीकाठी थट्टेकाड येथे सुरू झाली. आजही केरळ हे या पिकाचे प्रमुख राज्य असून रबर बोर्डाचे मुख्यालय कोट्टायम येथे आहे. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातील दापचरी येथे रबर बोर्डाचे प्रादेशिक संशोधन केंद्र आहे. तेथे कोरड्या व उष्ण हवामानात झाड कसे टिकेल, याचा अभ्यास होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात व गोव्यातही रबराची लागवड आढळते. देशात स्टायरीन-ब्युटाडाइन रबराचे उत्पादन १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेली येथे सुरू झाले. त्यासाठी लागणारे ब्युटाडाइन अल्कोहॉलापासून बनविले जाई.

व्यवहारात नैसर्गिक व संश्लिष्ट रबर हे परस्परांचे पर्याय असण्यापेक्षा पूरक अधिक आहेत. एकाच टायरात बाजूच्या भिंती, पृष्ठभाग व आतील अस्तर यांसाठी भिन्न संरचनेची रबरे वापरतात. प्रत्येक भागाला लागणारा गुण कोणत्या साखळीत आहे, यावरून ही निवड ठरते.

हेही पाहा

रबर, बहुवारिक, आयसोप्रीन, व्हल्कनीकरण, गट्टा पर्चा, टायर